शिंजिराचं घरटं आणि कल्हईची परात

एका गावात एक कल्हईवाला होता, आणि तो होता म्हणून त्या गावात काळं भांडं औषधालाही सापडत नव्हतं. नाव त्याचं रखमाजी, पण गावाला ते फारसं आठवत नसे. सगळे त्याला कल्हईवालाच म्हणत.

घराच्या पुढच्या पडवीत त्याची भट्टी होती. खड्ड्यात कोळसे, बाजूला चामड्याचा भाता, नवसागराची पुडी, कथलाची कांडी आणि टोपलीभर कापूस. भांडं तापवायचं, त्यात नवसागर टाकायचा, पांढरा धूर भसकन वर आला की कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं ते कथील झरझर सगळीकडे फिरवायचं. मग भांडं पाण्यात बुडवायचं. चर्र आवाज आला की काम झालं.

दुसरा कुणी असता तर त्यानं इथेच भांडं गिऱ्हाइकाच्या हातात दिलं असतं. पण याची एक रीत होती. आधी तो स्वतः भांड्यात वाकून बघायचा, मिशीवरून बोट फिरवायचा आणि मग भांडं पुढे करून विचारायचा, "बघा, तोंड दिसतंय का?"

गिऱ्हाइकालाही मग वाकून बघावंच लागे. कुणी चुकून म्हणालं, "दिसतंय, पण नाक जरा फेंगडं दिसतंय," की भांडं पुन्हा भट्टीवर. नाक मुळातच फेंगडं असलेल्या माणसांची यात फार पंचाईत होई. पितळेच्या भांड्यात ताक-आमटी कळकू नये म्हणून कल्हई करतात, हे त्यालाही ठाऊक होतं. पण ताकाचं त्याला विशेष काही पडलेलं नव्हतं. त्याला लकाकी हवी होती.

घराच्या मागे त्याच्या बायकोची, सगुणेची परसबाग होती. कुंपणाला लाल जास्वंद, मोरीच्या पाण्यावर वाढलेलं अळू आणि घराच्या मागच्या भिंतीपासून दोन हातांवर एक डाळिंबाचं झाड. कल्हईवाला तिकडे फक्त हातपाय धुवायला जाई. बागेत घासूनपुसून लखलखीत करण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळे त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

फाल्गुनात लग्नसराईची भांडी येऊन पडली. एके सकाळी तो भाता ओढत बसला असताना टोपलीतला कापूस आपोआप हलायला लागला. बघतो तर अंगठ्याएवढी एक पाखरी, वरून मातकट, पोटाशी पिवळी, चोच सुईसारखी बाकदार. तिनं कापसाचा एक तंतू ओढला आणि घरावरून मागे पसार झाली. त्यानं हात झटकून हुसकावलं तरी पुन्हा आली.

"अगं ए, ही बघ चोरटी!" तो ओरडला.

सगुणा पदराला हात पुसत आली आणि हसायला लागली. "चोरटी कसली? शिंजीर आहे ती. आठ दिवस झाले, परसात घर बांधतेय. तुम्हाला शेजारी कोण राहायला आलंय त्याचाही पत्ता नाही."

तिनं त्याला मागच्या दाराशी नेलं. डाळिंबाच्या खालच्या फांदीला एक पोतडी लोंबत होती. वाळकी पानं, सालपटं, गवताच्या काड्या, अळ्यांनी टाकलेला चुरा, आणि हे सगळं कोळ्याच्या जाळ्यानं बांधलेलं. दुरून कुणी म्हणावं, कचरा अडकलाय. पण जवळून बघितलं तर एका बाजूला दार होतं, दारावर ऊन येऊ नये म्हणून पुढे काढलेली छोटीशी पडवीही होती. दाराचं तोंड भिंतीकडे होतं. आत त्याचाच कापूस अंथरलेला होता.

"माझा कापूस," कल्हईवाला म्हणाला.

"हो, तुमचाच. आणि तो बघा तिचा नवरा." कुंपणावरच्या जास्वंदीत एक काळं पाखरू चोच खुपसून मध पीत होतं. ते उन्हात वळलं मात्र, आणि त्याचा काळा रंग जांभळा झाला, निळा झाला, हिरवट झाला. कल्हईवाल्यानं आ वासला. अशी लकाकी त्यानं कुठल्या भांड्यावर आणली नव्हती. त्या क्षणापासून ही बाग त्याची झाली.

आता तो दिवसातून दहा वेळा मागे जाऊ लागला. सगुणेनं एकच सांगितलं होतं, लांबून बघायचं, हात लावायचा नाही. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. ओट्याशी उभं राहून तांदूळ निवडताना, भांडी विसळताना ती खिडकीतून बघत आली होती, एवढंच. मादी आत बसली की तिची चोच तेवढी दारातून दिसायची. पंधरा दिवस ती बसली. मग एके दिवशी दोघंही चोचीत किडे घेऊन ये-जा करू लागली, आणि पोतडीतून बारीकसा चिवचिवाट ऐकू येऊ लागला. दोन पिल्लं होती.

कल्हईवाल्याला हे पोटात ठेवणं जमेना. भांडी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगू लागला, "आमच्याकडे शिंजिरानं घर केलंय. कापूस माझा आहे बरं का." लोक बघायला येऊ लागले. आजवर त्याच्या दारात यायचे ते भांडं टाकायला किंवा भांडं न्यायला. आता नुसते येत, बसत, पाणी पीत. त्याला ते फार आवडलं. त्यानं पडवीतलं बाकडंही लोकांसाठी परसात आणून टाकलं.

एके दिवशी पाटलीणबाई आल्या. त्यांनी मान इकडे करून बघितलं, तिकडे करून बघितलं.

"यात बघायचं काय?" त्या म्हणाल्या. "नुसती पोतडी लोंबतेय. दार तर भिंतीकडे. पिल्लं आहेत की नाहीत, तेही तुमच्याच तोंडून ऐकायचं."

हे त्याला लागलं. आपल्या घरची वस्तू कुणी बघावी आणि तिच्यात काही दिसू नये, हे त्याच्या पेशाला सोसणारं नव्हतं. रात्रभर त्याच्या डोक्यात तेच घोळत राहिलं. सकाळी उठला तो थेट माळ्यावर चढला आणि त्याच्या लग्नात मिळालेली पितळेची मोठी परात खाली काढली.

त्या दिवशी त्यानं कुणाचंही भांडं हातात घेतलं नाही. परात तापवली, कथील लावलं, पुसलं, पसंत पडलं नाही, पुन्हा तापवली. दुपारपर्यंत जी परात तयार झाली तशी कल्हई त्यानं जन्मात केली नव्हती. तिच्यात मिशीचा केस न् केस मोजता आला असता. मग त्यानं घरट्याच्या समोर मागच्या भिंतीत चार खिळे मारले, परात जरा तिरकी उभी केली आणि चारी बाजूंनी तार फिरवून पकडीनं पिळे घट्ट केले. खिळे ठोकताना फांदी थरथरली. सगुणा "अहो, अहो" करत धावत आली, पण तोवर काम झालं होतं.

"आता बाकड्यावर बस आणि बघ," तो म्हणाला.

सगुणा बसली. परातीत घरट्याचं दार स्वच्छ दिसत होतं. दारात दोन डोकी, दोन पिवळ्या चोची, दोन्ही उघड्या. तिलाही क्षणभर बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगा.

गावात बातमी फुटली. बायका आल्या, पोरंटोरं आली, पाटलीणबाई पुन्हा आल्या आणि या खेपेला तोंड भरून बोलल्या, "काय डोकं चालवलंत हो!" कल्हईवाला परातीशेजारी उभा राहून प्रत्येकाला विचारत होता, "दिसतंय ना?" आणि प्रत्येक जण म्हणत होता, "दिसतंय, दिसतंय." कुणी म्हणालं, लकाकी काय आहे. कुणी म्हणालं, अशी कल्हई पंचक्रोशीत नाही. पिल्लांबद्दलही लोक बोलले, पण कमी.

थोड्या वेळानं नर आला. चोचीत अळी होती. तो दाराशी जायला वळला आणि परातीत त्याला दुसरा नर दिसला, तसाच जांभळा, तसाच ऐटबाज, आणि थेट आपल्या पिल्लांच्या दारात. अळी गळून पडली. तो परातीवर तुटून पडला. टक टक टक. मागे सरला, पंख फुलवले, पुन्हा टक टक टक. समोरचाही हटेना. हा जितक्या जोरात जाई तितक्याच जोरात तोही येई.

लोक हसून लोळायचे बाकी राहिले. "नाचतोय बघा!"

"त्याला माझी कल्हई आवडली," कल्हईवाला म्हणाला. त्याला खरोखरच तसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशीही तेच. नर उजाडताच परातीवर आला तो ऊन डोक्यावर येईपर्यंत तिथंच. दुपारी सगुणा खिडकीपासून उठून बाहेर आली आणि नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाली, "अहो, परात काढा."

"का?"

"कालपासून त्यानं एक कीडही आणलेली नाही. दिवसभर भांडतोय. ती एकटी आणते, आणि इथं एवढी माणसं बघून तीही चोचीत घास धरून कपडे वाळत घालायच्या तारेवर बसून राहते. आत यायचं तिचं धाडस होत नाही. पिल्लांचा आवाज बघा किती बारीक झालाय."

"तुला उगाच वाटतं. पाखरं आहेत, त्यांचं ती बघतील."

"तेच तर म्हणते मी. त्यांचं त्यांना बघू द्या."

कल्हईवाला कानकोंडा झाला. पण पाटलीणबाई सकाळीच सांगून गेल्या होत्या की, उद्या पलीकडच्या गावच्या देशमुखांकडची मंडळी घरटं बघायला येणार आहेत. देशमुखांची भांडी त्याच्याकडे यायची ती गड्याबरोबर. त्या घरातल्या कुणी त्याचं तोंडही पाहिलं नव्हतं. आणि आता ती मंडळी स्वतः चालून त्याच्या परसात येणार होती, बाकड्यावर बसणार होती, त्याची परात बघणार होती.

"एक उद्याचा दिवस," तो म्हणाला. "देशमुख मंडळी येऊन गेली की काढतो. तुझी शपथ."

"माझी शपथ पिल्लांना खायला घालता येणार नाही," सगुणा म्हणाली आणि आत गेली.



तिसऱ्या दिवशी त्यानं परस झाडला, सडा घातला, बाकड्यावर धुतलेली चादर टाकली. दुपार कलायला लागली तसा तो कापसाचा स्वच्छ बोळा घेऊन स्टुलावर चढला. पाखराच्या चोचीनं परातीवर टिंबं टिंबं उठली होती, ती पाहुणे यायच्या आत पुसायची होती. त्यानं परात पुसली. नेहमीच्या सवयीनं वाकला, आपलं तोंड बघितलं, मिशीवरून बोट फिरवलं. नाक ठीक, मिशी ठीक. मग मान जरा बाजूला केली, आणि त्याला आपल्या खांद्यामागे घरट्याचं दार दिसलं.

दारात एकच चोच उघडी होती. तिच्यातून आवाज येत नव्हता, ती नुसती उघडत होती आणि मिटत होती. दुसरं डोकं दाराबाहेर लोंबत होतं.

परातीच्या काठावर नर बसला होता. कपाळावरची पिसं गेली होती, चोचीच्या मुळाशी रक्त सुकलं होतं. त्याला माणसाचीही भीती उरली नव्हती. कल्हईवाला हातभर अंतरावर उभा असताना त्यानं परातीतल्या दुसऱ्या नराकडे बघून पंख फुलवले आणि पुन्हा टोच मारली. टक.

गेले तीन दिवस तो दिवसातून वीस वेळा या परातीपुढे उभा राहिला होता. वीसही वेळा त्यानं आधी आपलं तोंड बघितलं होतं, आणि मग लोकांची तोंडं. परातीतल्या घरट्याच्या दाराकडे त्याची नजर आज पहिल्यांदा गेली होती. सगुणा ओट्यापासून जे बघत होती, ते त्याला हातभर अंतरावरून दिसलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

गल्लीच्या तोंडाशी बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. देशमुखांचा छकडा आला होता.

परात काढायला त्यानं तारेला हात घातला, पण पिळे त्याच्याच हातचे होते. पकडीनं सोडवायचे तर बराच वेळ लागणार होता, आणि खिळे ठोकून काढायचे तर घरटं पुन्हा हादरणार होतं. तो स्टुलावरून उतरला, पडवीत धावला, भट्टीतली दोन ओंजळी कोळशाची पूड आणि काजळी घमेल्यात घेतली, त्यात पाणी ओतलं आणि परत येऊन ते काळं परातीला फासलं. मधोमध फासलं, काठाला फासलं, एक बोटभर जागा ठेवली नाही. ज्या हातांनी आयुष्यभर काळं घालवलं होतं, ते हात आता घाईघाईनं काळं लावत होते. मग तो मागच्या दारात जाऊन उंबऱ्यावर उभा राहिला आणि दार त्यानं पाठीमागे ओढून घेतलं.

पाहुणे घरातून मागच्या दाराकडे येत होते. पुढे पाटलीणबाई, मागे जरीकाठाची साडी सावरत देशमुखांच्या वहिनीसाहेब. कल्हईवाल्याचे हात कोपरापर्यंत काळे होते, कपाळावरही एक फराटा होता.

"माफ करा वहिनीसाहेब," तो म्हणाला. "आज बघता येणार नाही."

"म्हणजे काय? आम्ही तीन कोस उन्हातून आलो ते तुमचे काळे हात बघायला?"

"बाळंतिणीचं घर आहे. आत घरच्या माणसांनीसुद्धा जायचं नसतं. माझी चूक झाली, मी सगळ्यांना बोलावलं."

पाटलीणबाईंनी शेजारच्या खिडकीतून मान बाहेर काढली आणि त्यांना परात दिसली. "अगंबाई! परात काळी केलीत?"

"मीच केली."

वहिनीसाहेब रागावल्या, आणि त्यात नवल नव्हतं. पाणीही न घेता त्या छकड्यात जाऊन बसल्या. पाटलीणबाई त्यांची समजूत काढत मागे धावल्या. सगुणेनं दाराशी येऊन नवऱ्याचे हात बघितले. तांब्याभर पाणी आणून तिनं त्याच्या हातावर ओतलं.

मग दोघं ओट्यापाशी खिडकीत उभी राहिली. नर परातीसमोर भिरभिरत होता. या बाजूनं बघितलं, त्या बाजूनं बघितलं. तिथं कुणी नव्हतं. तो जास्वंदीवर जाऊन बसला आणि बराच वेळ नुसता बसून राहिला. कल्हईवाल्याला वाटलं, हा आता उठत नाही. पण तो उठला, पागोळीखालच्या जाळ्यातून एक कोळी टिपला आणि दाराशी गेला. उघडी चोच मिटली. त्याच्या मागोमाग मादी आली. तीही थेट दाराशी गेली.

दुसरं पिल्लू गेलं होतं. सकाळी ते झाडाखाली पडलेलं सापडलं. कल्हईवाल्यानं टोपलीतला कापूस आणला, त्यात ते गुंडाळलं आणि जास्वंदीच्या मुळाशी पुरलं. "माझ्यामुळे गेलं," तो सगुणेला म्हणाला. सगुणा "नाही हो" म्हणाली नाही, कारण ते खरं होतं. ती त्याच्याशेजारी बसून राहिली.

राहिलेलं पिल्लू सहाव्या दिवशी बाहेर आलं. आधी डाळिंबाच्या फांदीवर, मग कपडे वाळत घालायच्या तारेवर, मग कुंपणावर. आई पुढे जाऊन बोलवी, बाप मागून ओरडे. दुपारपर्यंत तिघंही कुंपणापलीकडे दिसेनाशी झाली. हे बघायला बाकड्यावर कुणी नव्हतं. बाकडं पुन्हा पडवीत गेलं होतं. खिडकीत दोघंच होती.

गाव पुढे महिनाभर हसलं. कल्हईवाल्याच्या घरी काळी परात, म्हणून येताजाता लोक टपली मारत. देशमुखांची भांडी यायची बंद झाली ती झालीच. परात त्यानं भिंतीवरून काढली नाही. कुणी विचारलं तर म्हणे, "कल्हई आहे आतून. असू दे तशीच." पुढच्या फाल्गुनात त्याच डाळिंबाला पुन्हा पोतडी लोंबू लागली. त्यानं ते कुणालाही सांगितलं नाही. टोपलीतला थोडा कापूस मात्र तो रोज सकाळी पिंजून पडवीच्या कडेला ठेवी.

आणखी एक गोष्ट बदलली, ती गावाच्या बरीच उशिरा लक्षात आली. एकदा एक सासुरवाशीण ताकाचं पातेलं घेऊन आली. भांडं झालं, चर्र झालं, आणि तिनं नेहमीप्रमाणे वाकून बघायची तयारी केली.

"आज विचारलं नाहीत, तोंड दिसतंय का म्हणून?"

कल्हईवाल्यानं पातेलं तिच्याकडे दिलं नाही. काठ बोटानं चाचपत त्यानं विचारलं, "घरी जेवायला माणसं किती?"

"धाकट्या दिरासकट नऊ."

"नऊ माणसांचं ताक म्हणजे काठापर्यंत येणार. इथं वर हात कमी फिरलाय, कळकेल," तो म्हणाला आणि पातेलं त्यानं पुन्हा भट्टीवर ठेवलं.

तात्पर्य एवढंच: ज्याला जपायचं, त्याच्याकडे बघावं. त्याच्या दारात आरसा लावून आपण स्वतःलाच बघत बसलो, तर उपाशी राहतो तो.